तारामासा : समुद्राचा तोल राखणारा शिकारी

'तारामासा' हे नाव रूढ असले तरी हा प्राणी मासा नव्हे. त्याला पर नाहीत, कणा नाही, इतकेच काय मेंदूही नाही. सी-अर्चिन, समुद्रकाकडी आणि ब्रिटल स्टार यांच्यासह त्याचा समावेश कंटकचर्मी संघात होतो. या संघाच्या सुमारे ७,००० प्रजाती आज अस्तित्वात असून त्या सर्व समुद्रातच आढळतात. गोड्या पाण्यात वा जमिनीवर एकही नाही.

या प्राण्यांच्या अळ्यांचे डावे-उजवे भाग सारखे असतात. प्रौढावस्थेत मात्र शरीराची रचना पाच भागांत होते. त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे जलसंवहनी संस्था. शरीरातील नलिकांमधील द्रवाच्या दाबावर शेकडो लवचीक नलिकापाद हलतात. त्यांच्याच साह्याने तारामासा सरकतो आणि शिंपला उघडतो. मग आपले जठर तो शरीराबाहेर काढून शिंपल्यात घालतो आणि भक्ष्य तेथेच पचवतो. सी-अर्चिन पाच दातांच्या जबड्याने शैवाल कुरतडतो.

अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी १९६३ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील एका खडकाळ पट्ट्यातून तारामासे हटवले. काही काळातच शिंपल्यांनी जागा व्यापली आणि इतर जीव हद्दपार झाले. या प्रयोगातूनच पुढे 'कळीची प्रजाती' ही संकल्पना मांडली गेली.

अर्धशतकानंतर हाच धडा निसर्गाने फार मोठ्या प्रमाणावर दिला. २०१३ पासून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तारामाशांमध्ये शरीर झिजवणाऱ्या रोगाची साथ पसरली. शरीरावर व्रण पडतात, बाहू गळतात आणि प्राणी अक्षरशः विरघळतो. चोवीसपर्यंत बाहू असलेल्या 'सूर्यफूल तारामाशा'ची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. २०२० मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली.

हा शिकारी सी-अर्चिन खातो. तो नाहीसा झाला, त्यातच २०१४ ते २०१६ या काळात समुद्रात उष्णतेची लाट आली. परिणामी जांभळ्या सी-अर्चिनची संख्या बेसुमार वाढली आणि उत्तर कॅलिफोर्नियातील केल्प या महाकाय शैवालाची बहुतेक जंगले उजाड झाली. केल्पवर जगणाऱ्या अबॅलोन या समुद्री गोगलगायीची उपासमार झाल्याने २०१८ मध्ये तिची हौशी मासेमारी बंद करावी लागली. सी-अर्चिन मात्र उपाशीपोटीही वर्षानुवर्षे तग धरतो. त्यामुळे उजाड झालेला तळ आपोआप सावरत नाही.

या रोगामागे प्रारंभी विषाणू असल्याचा संशय होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संशोधकांनी 'व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा' हा जिवाणू कारणीभूत असल्याचे सिद्ध केले. पटकीचा जिवाणूही याच कुळातला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेत २०१९ पासून सूर्यफूल तारामाशांची पैदास करण्याचे प्रयत्न सुरू झाले. रोगाचे मूळ कळल्याने निरोगी प्राणी पारखून समुद्रात सोडण्याची वाट आता मोकळी झाली आहे.