लाल झालेली कातडी : जंतुसंसर्ग, नायटा की आणखी काही?

पावसाळा सुरू झाला की मंडळातल्या गप्पांत दोन विषय हमखास निघतात. एक उकाईची पातळी आणि दुसरा, कुणाच्या तरी अंगावर उठलेलं काहीतरी. हा लेख दुसऱ्या विषयावर आहे. मी डॉक्टर नाही, सगळी नोकरी बँकेत झाली. पण तीन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या डाव्या घोट्यावर लाल चट्टा आला. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्याच, म्हणून हाही नायटाच असेल असं धरून मी घरात उरलेली ट्यूब दोन दिवस लावली. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, पाय पोटरीपर्यंत तापला आणि चार दिवस सलाईनवाटे अँटिबायोटिक घ्यावं लागलं. निदान निघालं सेल्युलायटिस. डॉक्टरांनी पायाआधी बोटांच्या बेचक्या पाहिल्या. जंतू तिथल्याच भेगेतून आत शिरले होते. मला मधुमेह आहे, त्यामुळे दोन दिवसांचा उशीर जास्तच महागात पडला.

कातडीला होणाऱ्या बहुतेक जंतुसंसर्गांमागे दोनच जिवाणू असतात, स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस. पैकी पहिला कित्येक निरोगी माणसांच्या नाकात एरवीही बसलेला असतो. कातडीला चीर पडली की त्याला वाट मिळते. नायटा किंवा गजकर्ण ही बुरशी, नागीण हा विषाणू आणि खरूज हा डोळ्यांना सहसा न दिसणारा किडा. प्रत्येकाचं औषध निराळं, म्हणून ओळख महत्त्वाची.

ढोबळ खूण अशी की जिवाणूंचा संसर्ग दुखतो, बुरशी आणि खरूज खाजतात. सेल्युलायटिसमध्ये कातडी लाल, गरम, ताणलेली आणि हात लावला तरी दुखणारी होते. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, तिथे हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पायांची उष्णता ताडून पाहावी. लालीची कड स्पष्ट आणि उंचावलेली असेल तर ते धावरे, जुन्या माणसांना हा शब्द माहीत असेल. दोन्ही पाय सारखेच लाल असतील, खाज आणि कोंडा असेल, तर तो सहसा जंतुसंसर्ग नसतो. शिरा फुगलेल्या माणसांना बराच वेळ उभं राहून असं इसब होतं. एकच पोटरी सुजून दुखत असेल, पण कातडीवर जखम वा भेग कुठेच नसेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्यासाठी त्याच दिवशी डॉपलर तपासणी करून घ्यावी. रात्रीतून अंगठ्याचा सांधाच लाल होऊन ठणकू लागला तर गाऊटची शंका घ्यावी.

सुरत हे हत्तीरोगाचं जुनं ठिकाण. ज्यांचा पाय पूर्वीपासून सुजलेला आहे त्यांना तापासह लालीचे झटके पुन्हापुन्हा येतात. हे झटकेही बऱ्याचदा बोटांच्या बेचक्यांतून शिरलेल्या जंतूंमुळेच येतात. रोज साबणाने पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसल्या की ते बरेच कमी होतात.

लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती मधासारखी पिवळी खपली धरली तर तो इंपेटायगो. शाळेत तो भराभर पसरतो, म्हणून टॉवेल वेगळा ठेवावा. यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी गडद झाली, तर मूत्रपिंडाची तपासणी लगेच करून घ्यावी. गळू आणि केसतूड सगळ्यांच्या ओळखीचे. ते पिळू नयेत, विशेषतः नाकावरचे आणि वरच्या ओठावरचे. मान वा पाठीवर अनेक तोंडं असलेलं मोठं गळू म्हणजे काळपुळी. ती दिसली की आधी साखर तपासावी.

गजकर्णाचं कडं बाहेर सरकतं आणि मधला भाग निवळतो. खरजेची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेला असते, आणि घरात सहसा एकाहून अधिक जण खाजवत असतात. खाजवून त्यात पू झाला तर मात्र दोन्ही आजार एकदम असतात. नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते, आणि फोडांच्या आधी तिथे आग होते. तिचं औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर चांगला उपयोग होतो. डाइंग मिलमध्ये काम करणाऱ्यांचे दोन्ही हात खाजत असतील आणि सुटीत बरे वाटत असतील, तर तो रसायनांचा त्रास समजावा.

दुकानातून विचारून आणलेल्या 'सगळ्यावर चालणाऱ्या' ट्यूबबद्दल माझं मत कडक आहे. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. खाज थांबते, लाली फिकी पडते, नायटा आत पसरत राहतो आणि डॉक्टरांनाही ओळखणं अवघड होतं. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतातच.

लालीच्या कडेला बॉलपेनने रेघ मारून वेळ लिहावी. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली, लाल रेषा वर चढू लागली किंवा ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये. दिसतं त्यापेक्षा दुखणं फार जास्त असेल, कातडी जांभळी-काळी पडली असेल, डोळ्याभोवती सूज असेल किंवा माणूस बरळत असेल, तर थेट १०८. एरवी नव्या सिव्हिलमध्ये आणि महापालिकेच्या स्मीमेरमध्ये त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूबा बरोबर न्याव्यात, रिकाम्या झालेल्यासुद्धा.

खानदेशातून नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी एक उपयोगी गोष्ट : इथल्या दवाखान्यात गळवाला गूमडुं, नायट्याला दादर, खरजेला खस आणि हत्तीरोगाला हाथीपगो म्हणतात.