सुरकुत्यांवरचं औषध आणि होम्सबर्गचा तुरुंग

आजचा विषय आहे रेटिनॉल. हो, तेच. रील्समध्ये दर दुसरी व्यक्ती ज्याचं सीरम दाखवते ते. पण आज कुठलं घ्यावं हे सांगणार नाही. हे आलं कुठून, ते सांगतो.

आधी एक छोटा प्रयोग करा. मनगटाची बाहेरची बाजू बघा आणि मग दंडाची आतली. वय दोन्हींचं सारखंच, पण आतली त्वचा जास्त मऊ, एकसारखी दिसते ना? कारण तिने ऊन कमी खाल्लंय. अतिनील किरणांमुळे त्वचेत कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स वाढतात. कोलॅजन म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन. म्हणजे आपण ज्याला ‘वय दिसतंय’ म्हणतो, त्यातलं बरंचसं उन्हाचं काम असतं. याला इंग्रजीत ‘फोटोएजिंग’ म्हणतात, आणि हा शब्द रूढ केला अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञाने.

क्लिगमन फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होते. १९५१ मध्ये त्यांना शहरातल्या होम्सबर्ग तुरुंगात बोलावलं गेलं, कारण कैद्यांना पायाच्या चिखल्या झाल्या होत्या. उपचाराला गेलेल्या डॉक्टरांना तिथे वेगळंच काही दिसलं: शेकडो माणसं, एकाच जागी, कुठेही न जाणारी. पुढे १९७४ पर्यंत तिथे प्रयोग चालले. कैद्यांच्या पाठीवर चौकोन आखून क्रीम, पावडरी, रसायनं लावली जायची. डाऊ केमिकलच्या पैशातून साधारण ७० कैद्यांच्या त्वचेवर डायॉक्सिन हे विषारी रसायनही लावलं गेलं.

कैदी तयार का व्हायचे? पैसे. तुरुंगातल्या इतर कामांपेक्षा इथे जास्त मिळायचे. त्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, आणि अनेकांवरचा खटलाही अजून उभा राहिला नव्हता. जामिनाला पैसे नाहीत म्हणून ते आत होते. फॉर्मवर सह्या घेतल्या जायच्या, पण आपल्या अंगावर नेमकं काय लावतायत, हे बहुतेकांना माहीत नसायचं. अशा सहीला संमती म्हणायचं का?

क्लिगमन यांच्या ट्रेटिनॉइनवरच्या कामातही या कैद्यांची त्वचा वापरली गेली. हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. १९७१ मध्ये ‘रेटिन-ए’ नावाने मुरुमांसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. मग झालं काय, की वयाने मोठ्या असलेल्या पेशंट बायका सांगू लागल्या, मुरुमं तर गेलीच, पण चेहराही नितळ झाला!

१९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठाने हे नीट तपासलं. ३० जण, १६ आठवडे. एका हाताला ट्रेटिनॉइन, दुसऱ्याला औषध नसलेलं साधं क्रीम. औषध लावलेले हात खरोखर सुधारले, मात्र बहुतेकांची त्वचा लाल होऊन सोलवटली. १९९५ मध्ये ‘रेनोव्हा’ या नावाने बारीक सुरकुत्यांसाठीही त्याला मान्यता मिळाली. होम्सबर्ग तुरुंग बंद झाला तोही त्याच वर्षी.

आपल्या सीरममधलं रेटिनॉल हे ट्रेटिनॉइनचं सौम्य भावंड. त्वचेत गेल्यावर त्याचंच थोडं थोडं ट्रेटिनॉइन बनतं.

कैद्यांचं काय झालं? २००० मध्ये जवळपास ३०० माजी कैदी कोर्टात गेले. खूप उशीर झाला, मुदत संपली, म्हणून दावा फेटाळला गेला. क्लिगमन २०१० मध्ये वारले. विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने २०२१ मध्ये माफी मागितली, फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये. तोवर कित्येक कैदी हयातच नव्हते.

मग सीरम फेकून द्यायचं का? माझ्या मते नाही. औषधाचा गुण खराच आहे, आणि ते फेकून त्या माणसांना काहीच परत मिळणार नाही. पण ‘क्लिनिकली टेस्टेड’ असं लेबल दिसलं, की ‘कोणावर?’ हा प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेऊ शकतो.

आणि हो, ट्रेटिनॉइन डॉक्टरांना विचारूनच लावा, गरोदरपणात ट्रेटिनॉइन आणि रेटिनॉल दोन्ही टाळा, आणि दिवसा सनस्क्रीन विसरू नका. भेटू पुढच्या भागात!