चाकाने मोजलेलं अंतर

'किती लांब आहे?' ह्या प्रश्नाला आपल्याकडे आकड्याने उत्तर द्यायची पद्धत तशी अलीकडची. 'हे काय, पुढच्या वळणाला' म्हणणारा माणूस भेटला की समजावं, अजून निदान कोसभर चालायचंय! पण अंतर नेमकं मोजायची गरज ज्यांना पडली, त्यांनी ते फार पूर्वीपासून चाकाने मोजलं आहे. मध्यंतरी बोरीला (हे जिंतूर तालुक्यातलं, जिल्हा परभणी) पुतण्याच्या सायकलचा बिनतारी मीटर बिघडला होता. तो दुरुस्त करता करता ह्या चाकाच्या इतिहासात शिरलो, तो अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

सुरुवात रोमपासून करावी लागते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाच्या वास्तुविशारदाने एका गाडीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. तिच्या चाकाचा घेर साडेबारा रोमन फूट. म्हणजे ४०० फेरे झाले की ५,००० फूट, अर्थात एक रोमन मैल. चाकाला दातेरी चक्रं जोडलेली, आणि दर मैलाला एक खडा खालच्या भांड्यात टण्णकन पडायचा. मुक्कामाला पोचलं की खडे मोजायचे. झाला हिशोब!

आपल्याकडे हे चाक इंग्रजांच्या मोजणीदारांबरोबर गावोगाव फिरलं. त्याला पेराम्ब्युलेटर म्हणत. एक मोठं चाक, त्याला धरायला दांडा आणि फेरे दाखवणारी तबकडी. जेम्स रेनेल १७६७ मध्ये बंगालचा सर्व्हेअर जनरल झाला. त्या काळातले बरेचसे नकाशे अशा रस्त्यांच्या मोजणीवर उभे होते. पण नकाशा काढणाऱ्याला ह्या चाकाची एक मोठी अडचण होती. चाक रस्ता मोजतं. वळण आलं की ते वळतं, खड्डा आला की खाली उतरून वर चढतं. दोन गावांमधलं सरळ अंतर नकाशावाल्याला हवं असतं, आणि नेमकं तेच चाकाला सांगता येत नाही.

म्हणून विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने एक पायारेषा मोजली आणि पुढे त्रिकोणांवर त्रिकोण रचत तो उत्तरेकडे सरकला. निजामाच्या मुलखातून वर येत येत हा माणूस १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. ओढे, नाले, डोंगर सगळं त्याने दुर्बिणीतून ओलांडलं. कागदावर दोन गावं सरळ रेषेने जोडली गेली. चालणाऱ्याच्या वाटेला मात्र ओढा तसाच राहिला.

चाक पुन्हा सामान्य माणसाच्या हातात आलं ते सायकलमुळे. १८९० च्या दशकात अमेरिकेत सायकलचं वेड शिगेला पोचलं होतं. १८९५ मध्ये हार्टफर्डच्या कर्टिस वीडर ह्यांनी पुढच्या चाकाच्या आसाजवळ बसणारा एक चिमुकला मोजक बाजारात आणला. आऱ्याला लावलेली खुंटी दर फेऱ्याला एका चांदणीच्या आकाराच्या चक्राला टिचकी मारायची आणि आतले आकडे सरकायचे. गंमत म्हणजे हीच कंपनी १९२८ मध्ये 'वीडर-रूट' झाली आणि पुढे पेट्रोल पंपांवरचे लिटर-पैशांचे आकडे फिरवू लागली.

ती टिचकी पुढे विजेची झाली. बेल लॅब्जमध्ये वॉल्टर एलवूड ह्यांनी १९३६ मध्ये रीड स्विच तयार केला. काचेच्या बारीक नळीत दोन पात्या, चुंबक जवळ आलं की चिकटतात, दूर गेलं की सुटतात. १९८० च्या दशकात सायकलचे इलेक्ट्रॉनिक मीटर आले, त्यातल्या बहुतेकांत हाच स्विच. आऱ्यावर चुंबक, फोर्कवर स्विच आणि तिथून हँडलपर्यंत वायर. नंतर वायरही गेली. फोर्कवरचा सेन्सर दर फेऱ्याला एक क्षीण रेडिओ-स्पंद सोडतो आणि हँडलवरचा मीटर तो ऐकतो. साध्या मीटरमध्ये ही हाक जेमतेम साठ-सत्तर सेंटिमीटर पोचते.

तर बोरीच्या मीटरचं दुखणं असं होतं की दिवसा तो शहाण्यासारखा चालायचा आणि पहाटे वेड लागल्यासारखा. कधी शून्य, तर कधी सायकल जागेवर उभी असताना ताशी ८० किलोमीटर! पुतण्याचं निदान तयार होतं, 'काका, थंडीनं सेल बसतोय.' सेल खरोखरच गारठतात, त्यामुळे शंका रास्त होती. दोन्हीकडचे सेल बदलले. फरक शून्य.

मग एकेक कडी तपासली. चुंबक आणि सेन्सर ह्यांत दोन-तीन मिलिमीटरचं अंतर, चुंबक सेन्सरवरच्या खुणेसमोरून जात होतं. चाक उचलून हाताने फिरवलं, आकडा बरोबर. मीटर काढून सेन्सरजवळ नेला, तरी बरोबर. म्हणजे बोलणारा नीट बोलत होता आणि ऐकणाराही बहिरा नव्हता. मग मध्ये गोंगाट कोण करतंय? पहाटे असतं आणि दिवसा नसतं असं सायकलवर एकच होतं, मीटरला चिकटून बसवलेला एलईडी दिवा. दिवा लावला, आकडा नाचला. बंद केला, शांत. स्वस्त दिव्यांतलं सर्किट वीज फार वेगाने चालू-बंद करत असतं, आणि त्याची कुरकुर मीटरच्या कानात शिरते. दिवा हँडलच्या दुसऱ्या टोकाला नेला, काम फत्ते.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण थोरले काका ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. त्यांची उभी हयात फिरतीच्या नोकरीत गेली, रोज काळ्या सायकलवरून ठरलेली गावं. पुतण्या म्हणाला, 'आजोबा, तुमची फेरी मोजू या.' २८ इंची चाकाचा घेर गणिताने २,२३४ मिलिमीटर निघतो, पण वर माणूस बसला की टायर थोडा दबतो. म्हणून टायरला खडूची खूण करून, बसून, एक फेरा पुढे गेलो आणि टेपने मोजलं. २,२२० भरले. म्हणजे किलोमीटरला साधारण साडेचारशे फेरे. तोच आकडा मीटरमध्ये भरला.

काकांची फेरी कागदोपत्री सोळा किलोमीटर धरलेली होती, भत्ताही तेवढ्याचाच. पुतण्या ती जुनी वाट फिरून आला. मीटरवर एकोणीसच्या वर आकडा. कुणीतरी कधीतरी नकाशावर पट्टी ठेवली असणार. त्या पट्टीला ओढ्याचा वळसा दिसला नसेल, काळ्या मातीत गाडीवाट सोडून बांधाबांधाने जावं लागतं हेही दिसलं नसेल. रोजचे तीन किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, तीस वर्षं. सत्तावीस हजार किलोमीटर! विषुववृत्ताचा घेर चाळीस हजार आहे. म्हणजे पृथ्वीला दोन-तृतीयांश फेरी, बिनहिशोबी.

पुतण्या संतापला. काका मात्र हसले. 'अरे, मोजलं असतं तर काय गाव जवळ आलं असतं?' आणि थोडं थांबून म्हणाले, 'पण तीन जास्तीचे होते, हे पायाला माहीत होतं बरं का.'

लॅम्ब्टनला चाकाचा जो दोष वाटला असता, तोच काकांच्या बाजूचा एकमेव साक्षीदार निघाला. देश ओळखायला सरळ रेषा लागते, त्याशिवाय नकाशा होत नाही. पण कुणाचे कष्ट ठरवायचे असतील तर पट्टी बाजूला ठेवून त्याच वाटेवर चाक फिरवायला हवं. घेर नीट मोजून घेतलेलं, आणि शेजारी गोंगाट करणारा दिवा नसलेलं! असो.