चित्रालाही व्युत्पत्ती असते

"बटणाला इमेज लाव," असं सॉफ्टवेअरच्या कामात गढलेला मराठी माणूस शेजारच्याला सांगतो, तेव्हा त्या वाक्यात मराठी असतं ते फक्त क्रियापद आणि एक विभक्तिप्रत्यय. तरीही वाक्य अस्सल मराठी आहे, कुणालाच ते खटकत नाही. शब्द बाहेरून आले, रुळले, कामाला लागले. ते कुठून आले याचा विसर पडला, म्हणूनच ते इतक्या सहज तोंडी बसले. माझं म्हणणं असं की, त्या बटणावर आपण जे चित्र बसवतो त्याचंही असंच होतं. चित्रालाही व्युत्पत्ती असते. तीही मागे पडते, आणि मग चित्र शब्दासारखं वापरलं जाऊ लागतं.

आधी बटण पाहू. आपल्या जुन्या पेहरावात बटणाला जागा नव्हती. बाराबंदीला बंद असत. बंद नसेल तिथे कापडाची गुंडी आणि बिरडं. बटण युरोपीय कपड्यांबरोबर आलं. इंग्रजी 'बटन'च्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधला 'बोतों' हा शब्द आहे. त्याचा अर्थ फुलाची कळी. तो ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ ढकलणं, रेटणं. कळी फांदीतून बाहेर रेटून येते म्हणून. पोर्तुगीजमध्ये आजही एकच शब्द कपड्याच्या बटणालाही चालतो आणि गुलाबाच्या कळीलाही. तोच शब्द कोकणीत 'बुतांव' होऊन राहिला, बंगालीत 'बोताम' झाला. मराठीतलं 'बटण' मात्र इंग्रजी उच्चाराच्या जवळ आहे. शिंपी ज्याला काज म्हणतो ते पुन्हा पोर्तुगीज. पोर्तुगीजमध्ये घराला 'काझा' म्हणतात आणि बटण ज्यात शिरतं त्या भोकालाही 'काझा'च. काज म्हणजे बटणाचं घर. हे ठाऊक नसलेल्या शिंप्याचं काज तितकंच सुबक उतरतं.

विजेच्या घंटा आल्या तेव्हा भिंतीवरच्या गोल, बुटक्या खुंटीला शर्टाच्या बटणाचं नाव मिळालं, ते आकारामुळे. पण त्यात एक योग जुळून आला. ज्या धातूचा अर्थ रेटणं, त्याच्यापासून झालेला शब्द पुन्हा रेटण्याच्या, दाबण्याच्या वस्तूला लागला. मराठीनं इथे नवा शब्द केला नाही, क्रियापद बदललं. शर्टाचं बटण आपण लावतो, दिव्याचं बटण दाबतो. दिवा मात्र लावतो. आपल्याकडे 'कळ' हा शब्द आधीपासून होताच. कळ दाबणं, कळ फिरवणं, कळसूत्री बाहुली, आता कळफलक. ही कळ संस्कृत 'कला' शब्दावरून आलेली, म्हणजे युक्ती, करामत. बटणाच्या मुळाशी असलेली कळी 'कलिका'वरून आलेली. दोघींचा आवाज जवळचा, पण त्यांना एका घरच्या समजू नये.

संगणकाच्या पडद्यावरचं बटण ना शर्टाचं, ना भिंतीवरचं. तिथे खुंटी नाही, स्प्रिंग नाही. चौकोनाच्या वरच्या आणि डाव्या कडेला उजळ रेघ, खालच्या आणि उजव्या कडेला गडद रेघ, एवढ्यावर डोळ्याला उंचवटा भासतो. दाबलं की रेघांची अदलाबदल होते आणि तोच चौकोन आत गेल्यासारखा वाटतो. पडद्यावरची बटणं-खिडक्या घडवण्यासाठी प्रोग्रॅमर वापरतात त्या टीके (Tk) नावाच्या जुन्या आणि आजही वापरात असलेल्या संचात या गुणाचं नाव 'रिलीफ' आहे. हा शिल्पकलेतला शब्द, आपल्या भाषेत उठाव.

या उठावावर चित्र बसवायचं असतं, आणि इथे आपला 'चित्र' हा शब्द कमालीचा चपखल ठरतो. वेदकाळात 'चित्र' म्हणजे लखलखीत, ठळक, डोळ्यांत भरणारं. पुढे अर्थ आला रंगीबेरंगी, ठिपक्याठिपक्यांचं. अंगावर ठिपके म्हणून तो चित्ता. ठिपक्यांचं हरीण ते चितळ, तेही 'चित्रल'वरून. काढलेल्या तसबिरीला चित्र म्हणू लागले ते या अर्थांच्या पाठोपाठ. आज बटणावरचं चित्र मोठं करून पाहिलं तर दिसतात ते ठिपकेच. या ठिपक्याला इंग्रजीत पिक्सेल हे नाव छापील मजकुरात पहिल्यांदा मिळालं १९६५ साली, अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या फ्रेडरिक बिलिंग्स्ले यांच्या लेखनात. चित्राचा 'पिक्स' आणि घटकाचं 'एल' जोडून तो शब्द घडला. अॅपलच्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी पहिली चिन्हं काढली ती आलेखाच्या कागदावर. चिन्हाला ३२ आडव्या आणि ३२ उभ्या घरांची जागा. एकूण १०२४ चौकोन, प्रत्येक एक तर काळा, नाही तर पांढरा. ते यंत्र १९८४ साली बाजारात आलं. त्याच्या कळफलकावरचं चार फासांचं चिन्ह केअर यांना चिन्हांच्या एका संग्रहात सापडलं होतं. स्वीडनमध्ये ते प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर वापरतात. आज ते वापरणाऱ्या कोट्यवधी लोकांना त्यात स्वीडन दिसत नाही, फक्त एक आज्ञा दिसते.

इमेजसाठी मराठी संगणकी लेखनात 'प्रतिमा' रूढ आहे. हा शब्द 'मा' म्हणजे मोजणं या धातूवरून आला. मुळाच्या मापाशी माप जुळवून केलेली ती प्रतिमा. बटणाच्या बाबतीत हे अक्षरशः खरं ठरतं. टीकेमध्ये बटणावर नुसता मजकूर असेल तर त्याची रुंदी अक्षरांत मोजतात: रुंदी दहा म्हणजे दहा अक्षरांइतकी जागा. त्याच बटणावर प्रतिमा ठेवली की तोच दहाचा आकडा पिक्सेलमध्ये मोजला जातो आणि ऐसपैस बटण आक्रसून चिंचोळी पट्टी होतं. आकडा तोच, पण प्रतिमा आली की मापच बदललं.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून टीके वापरताना आणखी एक गोष्ट हमखास घडते. फंक्शनच्या आत चित्र वाचून बटणाला दिलं, प्रोग्रॅम चालवला, तर बटण येतं पण कोरं. कुठे चूक दाखवली जात नाही. कारण असं: बटणाला मिळतं ते फक्त चित्राचं नाव. खुद्द चित्र पायथनच्या ताब्यात असतं. फंक्शन संपलं आणि चित्राकडे बोट दाखवणारं कुणी उरलं नाही, तर पायथन ते टाकून देतो. उपाय साधा आहे: चित्राचा संदर्भ बटणालाच बांधून ठेवायचा. संगणकाच्या स्मृतीत संदर्भ सुटला की चित्र नाहीसं होतं. माणसांच्या स्मृतीत मात्र उलटं घडतं. संदर्भ सुटतो आणि चित्र टिकतं.

याचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे जतन करण्याच्या बटणावरची फ्लॉपी. साडेतीन इंची फ्लॉपी सोनीनं १९८१ मध्ये आणली आणि २०११ मध्ये जपानमधली तिची विक्री थांबवली. आजच्या शाळकरी मुलानं फ्लॉपी हातात धरलेली नाही, पण तो चौकोन दिसला की काय होणार हे त्याला कळतं. शेजारी 'जतन करा' लिहिलेलं असतं. हे 'जतन' आलं संस्कृत 'यत्न'वरून: आधी खटपट, मग काळजी, मग सांभाळ. 'जतन' म्हणताना कुणाला 'यत्न' आठवत नाही. शब्द आणि चित्र दोघांनीही मूळ सोडलंय, अर्थ धरून ठेवलाय. फ्लॉपी बदलून टाका असं म्हणणाऱ्यांनी हे पाहावं. जुनी झाली म्हणून ती चुकीची ठरत नाही; ती आता वस्तूचं चित्र नसून एक शब्द आहे.

बटणावरच्या चित्राला आपण आयकॉन म्हणतो त्याचं मूळही इथे उपयोगी पडतं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ प्रतिरूप. पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेत लाकडी फळ्यांवर रंगवलेल्या पवित्र प्रतिमांना ते नाव पडलं. डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी स्टॅनफर्डमधल्या आपल्या १९७५ च्या 'पिग्मॅलियन' या प्रबंधात तो शब्द संगणकात आणला, आणि आणताना रशियन चर्चमधला अर्थच त्यांच्या मनात होता: ज्याचं ते चित्र, त्याचे गुण त्या चित्रात उतरतात. पुढे झेरॉक्सच्या १९८१ च्या 'स्टार' यंत्रातून ही कल्पना लोकांपुढे आली. सगुण मूर्तीची सवय असलेल्या आपल्या मनाला हा विचार समजावून द्यावा लागत नाही. मूर्ती म्हणजे दगडाचं चित्र नव्हे, हे वारकऱ्याला कुणी शिकवत नाही.

चित्र आणि बटण यांची गाठ आपल्याकडे सर्वांत मोठ्या प्रमाणावर पडली ती मात्र संगणकात नव्हे, मतदानात. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं होतं. पुढे चिन्हावर शिक्का मारायची पद्धत आली. १९८२ साली केरळमधल्या परवूरला मतदानयंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं आणि २००४ पासून लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत ते आलं. तेव्हापासून प्रचाराच्या रिक्षेवरचं वाक्य बदललं: 'चिन्हावर शिक्का मारा'चं झालं 'चिन्हासमोरील बटण दाबा'. त्या यंत्राची मांडणी नीट पाहण्याजोगी आहे. नाव आहे, चिन्ह आहे, बटण आहे. २०१५ पासून उमेदवाराचं छायाचित्रही आहे. चिन्ह आलं म्हणून नाव काढून टाकलेलं नाही. वाचणारा नाव वाचतो, न वाचणारा चिन्ह ओळखतो, आणि बोट दोघांचं एकाच बटणावर पडतं.

टीकेचा मूळ रिवाज याच्या उलट आहे. बटणाला मजकूर दिला आणि चित्रही दिलं, तर चित्र दिसतं आणि मजकूर गुपचूप लपतो. दोन्ही हवे असतील तर आणखी एक पर्याय लिहावा लागतो. २००२ मध्ये आलेल्या ८.४ या आवृत्तीपासून तो मिळाला. त्याचं नाव 'कंपाउंड'. मराठी कानावर हा शब्द पडला की आवाराची भिंत दिसते. तो कंपाउंड वेगळा. बहुतेक कोशकार त्याचं मूळ मलाय भाषेतल्या 'काम्पुंग' या वाडीवाचक शब्दात मानतात. बटणाचा कंपाउंड लॅटिनमधून आला, एकत्र ठेवणं या अर्थानं. दवाखान्यात औषधं एकत्र करणारा कंपाउंडर या दुसऱ्या घराण्यातला. आपल्या व्याकरणात या एकत्र ठेवण्याला फार जुनं नाव आहे: समास. बटणावर चित्र आणि शब्द शेजारीशेजारी ठेवणं हा एक समासच, आणि तोही द्वंद्व. दोन्ही पदं सारख्या तोलाची.

मराठीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं या समासाचंच आहे. ग्रंथालयाची देवघेव असो, पतपेढीचा हिशेब असो, ग्रामपंचायतीचा दाखला असो. बटणावर नुसतं चित्र ठेवू नका. नवं चित्र हा नवा शब्द असतो, आणि नवा शब्द अर्थासकट द्यावा लागतो. 'जतन', 'छापा', 'शोधा' हे शब्द चित्राशेजारी वर्षानुवर्षं राहिले तर चित्रही रुळेल आणि मराठी शब्दही. पडद्यावर रोज दिसणारा शब्दच पुढे तोंडात येतो. शब्द काढून टाकला तर त्या जागी 'सेव्ह', 'प्रिंट', 'सर्च' येणारच, कारण चित्राकडे बोट दाखवताना माणूस काही तरी म्हणतोच. त्याला काय म्हणावंसं वाटेल, हे बटण लिहिणाऱ्याच्या हातात आहे, आणि त्याची किंमत प्रोग्रॅममधला एक जादा पर्याय, एवढीच आहे.