अ‍ॅक्रिलिक अ‍ॅक्वेरियमला सुरक्षितपणे होल कसं पाडायचं?

फिश टँकखाली संप, म्हणजे फिल्टर, हीटर आणि पंप ठेवायची दुसरी टाकी लावायची असेल, तर पाणी खाली आणायला मुख्य टँकला होल लागतं. ६० × ३० × ३० सेमीच्या टँकमध्ये ५४ लिटर, म्हणजे ५४ किलो पाणी मावतं. होलपासून तडा गेला तर हे सगळं पाणी घरभर होणार आणि मासेही जाणार. म्हणून घाई न करता एकेक स्टेप नीट समजून घ्या.

आधी टँक अ‍ॅक्रिलिकचाच आहे ना?
बोटाने टकटक करा. काचेचा आवाज खणखणीत येतो, अ‍ॅक्रिलिकचा दबका. काचेची कड बहुतेक वेळा हिरवट दिसते. हे तपासायचं कारण म्हणजे दोन्हींची हत्यारं वेगळी आहेत. काचेला डायमंड कोटेड बिट लागतो. अ‍ॅक्रिलिकला बारीक दातांचा, धारदार होल सॉ लागतो.

होल कुठे आणि किती मोठं?
होलमध्ये बसणाऱ्या फिटिंगला बल्कहेड म्हणतात. ते आधी विकत आणा आणि त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. पाईप १ इंचाचा असला तरी होल त्यापेक्षा बरंच मोठं लागतं. कडेपासून निदान होलच्या व्यासाइतकं अंतर सोडा आणि नट फिरवायला जागा उरते का तेही बघा.

जागा शक्यतो मागच्या भिंतीत, वरच्या बाजूला निवडा. तळाला होल असेल आणि फिटिंग गळलं, तर अख्खा टँक रिकामा होतो. वर असेल तर पाणी होलच्या खालच्या कडेपर्यंतच उतरतं.

ड्रिलिंग
१. टँक पूर्ण रिकामा आणि कोरडा करा. चष्मा लावा. कॉर्डलेस ड्रिल मिळालं तर उत्तम.
२. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून खूण करा. मागे लाकडाचा तुकडा क्लॅम्पने घट्ट धरा.
३. स्पीड कमी ठेवा, दाब हलका ठेवा. अ‍ॅक्रिलिक साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडतं. घर्षणाने ते वितळून बिटला चिकटतं आणि थंड होताना तिथे ताण राहतो. पुढे तडे तिथूनच सुरू होतात.
४. दर काही सेकंदांनी थांबा, भुसा काढा, बिट थंड होऊ द्या. वितळल्याचा वास आला की लगेच थांबा.
५. मधला बिट आरपार गेला की लाकूड काढून आतल्या बाजूला लावा आणि उरलेलं होल बाहेरून पूर्ण करा, किंवा उलट. म्हणजे शेवटी टवका उडत नाही.
६. कड बारीक सँडपेपरने गुळगुळीत करा आणि साध्या पाण्याने पुसा. थिनर, स्पिरिट किंवा अमोनिया असलेला काचेचा क्लीनर वापरू नका. त्याने बारीक तडे पडतात.

फिटिंग
रबर गॅस्केट फिटिंगच्या कॉलरच्या बाजूला येतं, नटच्या बाजूला नाही. नट हाताने घट्ट करून वर फक्त पाव फेरा द्या. पान्याने जोर लावला तर नव्या होललाच तडा जाईल. गॅस्केटऐवजी सिलिकॉनवर विसंबू नका, ते अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही.

लाईट गेली तर?
पंप बंद पडला की वरचं पाणी संपमध्ये उतरतं. ६० × ३० सेमीच्या टँकमध्ये दर १ सेमी उंचीला १.८ लिटर पाणी असतं. पातळी ३ सेमी खाली आली, तर संपमध्ये ५.४ लिटरची जागा रिकामी हवी, शिवाय पाईपमधल्या पाण्याची वेगळी. पाणी वर आणणाऱ्या पाईपचं तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवा. ते खोल असेल तर सायफनने पाणी उलटं खाली येत राहतं.

मासे सोडण्याआधी बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये टँक भरून २४ तास ठेवा. फिटिंगखाली कोरडा कागद ठेवला की एक थेंबही लपत नाही. मग पंप लावून स्वतःच स्विच बंद करा आणि संप भरून वाहतो का ते बघा. दोन्ही टेस्ट पास झाल्या, तरच मासे आत.