मिरवणुकीची वाट कोणी ठरवावी?

होळकरांचा पराक्रम आणि अहिल्यादेवींचा दानधर्म यांविषयी इंदूरचा मराठी माणूस अभिमानाने बोलतो. मात्र याच शहरात एका स्कॉटिश गृहस्थाने काढलेली दिवाळीची मिरवणूक आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

तुकोजीराव होळकर तृतीय यांच्या कारकिर्दीत नगररचनाकार पॅट्रिक गेडीस इंदूरला आले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरात तेव्हा प्लेगची दहशत होती. नकाशा घेऊन गल्लीबोळांत हिंडणाऱ्या या साहेबाकडे लोक संशयाने पाहू लागले. तेव्हा गेडीस यांनी महाराजांकडे एक दिवसाचे राज्य मागितले आणि जाहीर केले, की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या आळीतली जास्तीत जास्त घरे झाडून-सारवून, दुरुस्त करून ठेवलेली असतील, त्या वाटेने ती जाईल.

झाले! आळीआळींत चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भला मोठा उंदीर होता. शेवटी त्यांचे दहन झाले. सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात हार घालून मानाने चालले. घरोघरी तुळशीची रोपे वाटली गेली.

गेडीस यांचे सूत्र साधे होते. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढून घरे पाडण्यापेक्षा आधी वस्ती पायी हिंडून पाहावी, पडके तेवढेच काढावे, विहीर, झाड, देऊळ राखावे आणि हे सारे तिथे राहणाऱ्यांना बरोबर घेऊन करावे.

लोकांनी मनावर घेतले तर वारसा कसा टिकतो, याचे उदाहरण आपल्याच गणेशोत्सवात आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, इतर गिरण्यांचे भोंगेही थांबले. पण अनंत चतुर्दशीच्या झांक्या कामगारांनी थांबू दिल्या नाहीत. उलट १९८४ च्या आगीत राजवाड्याचा मागचा भाग जळाला, तो पुन्हा उभा राहायला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला.

शासकीय नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा जे लेखी येते तेच फायलीत राहते. ओट्यावरची हळहळ कुठेच नोंदली जात नाही. राजेंद्र नगरात राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांची मुळे जुन्या इंदुरातल्या वाड्यांत आहेत. त्या वाड्यांची छायाचित्रे, मोडी कागद, आजी-आजोबांच्या आठवणी घरोघरी पडून आहेत. मंडळाने यंदाच्या दहा दिवसांत एक वही ठेवावी आणि प्रत्येक घराने त्यात आपल्या वाड्याची, देवळाची, घाटाची एक तरी नोंद करावी. उद्या रस्त्याची आखणी होईल, तेव्हा आपल्यापाशी दाखवायला काही असेल.

मिरवणुकीची वाट तेव्हा आळीतल्या लोकांनी ठरवली होती. आजही ती आपणच ठरवू शकतो, फक्त आधी अंगण झाडायला हवे.