तालीम टिकली म्हणून
ह्वेच्या दरबारी संगीतसंस्थेची वाटचाल

व्हिएतनामच्या मध्यभागी हुओंग नदीच्या काठावर वसलेलं ह्वे हे शहर १८०२ ते १९४५ या काळात न्गुयेन घराण्याची राजधानी होतं. सम्राट मिन मांगने १८२६ साली तिथल्या राजवाड्याच्या आवारात एक नाट्यगृह बांधलं आणि त्याला झ्वेत थी दुओंग असं नाव दिलं. देशात आज उभ्या असलेल्या नाट्यगृहांमध्ये ते सर्वांत जुनं मानलं जातं. ह्वेच्या पारंपरिक दरबारी कलांच्या नाट्यसंस्थेचे वादक, नर्तक आणि नट आज तिथे नियमित प्रयोग करतात. राजसत्ता संपली, तिच्यासोबत खजिनाही गेला, पुढे तीस वर्षं देश युद्धात होरपळला, तरी मिन मांगच्या काळातले सूर या वास्तूत आजही निघतात. ही परंपरा कुणी, कशी राखली हे समजून घेण्यासारखं आहे.

पूर्वपीठिका

या दरबारी संगीताला व्हिएतनामी लोक ‘न्या न्याक’ म्हणतात. जपानचं गागाकू आणि कोरियाचं आआक ही त्याचीच भावंडं, आणि सगळ्यांचं मूळ चीनच्या दरबारी संगीतात आहे. ले घराण्याने पंधराव्या शतकात चीनच्या मिंग फौजांना हुसकावून लावलं आणि मग दरबारी संगीताची पद्धतशीर घडी बसवायला घेतली. १४३७ साली हे काम न्गुयेन त्राइ हा कवी-मुत्सद्दी आणि लुओंग दांग हा दरबारी अधिकारी यांच्याकडे सोपवलं गेलं. दोघांचं पटलं नाही. लुओंग दांगच्या आराखड्यावर मिंग दरबाराची छाप होती. त्राइने त्यातून अंग काढून घेतलं आणि सम्राटाने दांगचाच आराखडा मान्य केला. प्रसंगानुसार संगीताचे आठ प्रकार ठरले. आकाशपूजेचं वेगळं, पूर्वजांच्या मंदिरातलं वेगळं, मोठ्या दरबाराचं वेगळं, मेजवानीचं वेगळं. ग्रहणात सूर्य-चंद्राच्या सुटकेसाठी वाजवायचं संगीतसुद्धा स्वतंत्र होतं.

या संगीतात केवळ उत्तरेकडचाच वारसा आहे असं नाही. दक्षिणेला चंपाचं राज्य होतं. भारतीय संस्कृती मुरलेल्या या राज्यातून कलावंत आणि वाद्यं व्हिएतनामी दरबारात आली. १०४४ च्या स्वारीत चंपाच्या राजवाड्यातल्या गाण्या-नाचण्यात तरबेज स्त्रिया पकडून आणल्याची नोंद बखरींत आहे. पुढे त्रान घराण्याच्या काळात राजाच्या खास वाद्यवृंदात ‘त्रोंग कोम’ हा चंपाहून आलेला आडवा ढोल होता. त्याच्या पुडीच्या मधोमध शिजलेला भात घोटून थापायचा आणि कमी-जास्त करत सूर जुळवायचा. आपल्याकडचे पखवाजवादक डाव्या पुडीला कणीक लावतात, त्याच जातीची ही युक्ती आहे. चंपामार्गे आलेल्या या भारतीय धाग्याकडे संगीतशास्त्रज्ञ त्रान वान खे यांनी आवर्जून लक्ष वेधलं होतं.

सतराव्या शतकात व्हिएतनामचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पडले होते. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या घरी जन्मल्यामुळे दाओ झुई तू (१५७२–१६३४) या बुद्धिमान तरुणाला उत्तरेत सरकारी परीक्षेला बसू दिलं गेलं नाही. तो दक्षिणेत गेला आणि न्गुयेन सरदारांचा मुख्य सल्लागार झाला. तिथल्या दरबारी संगीताची पायाभरणी त्यानेच केली, असं ह्वेचे कलावंत मानतात. ज्याला जन्मावरून बाहेर ठेवलं, त्याचंच नाव या परंपरेत आदराने घेतलं जातं.

भरभराटीचा काळ

न्गुयेन घराण्याचा पहिला सम्राट जा लाँगने १८०२ साली देश एकत्र आणून ह्वेला राजधानी केली आणि दरबारी कलावंतांचं पथक उभारलं. मिन मांगने त्याचं रीतसर खातं बनवलं. १८२५ साली कलेच्या आद्य गुरूंसाठी एक मंदिर बांधलं गेलं. दुसऱ्याच वर्षी झ्वेत थी दुओंग उभं राहिलं.

वाद्यवृंद मुख्यतः दोन होते. मोठा वृंद मोकळ्या जागेचा. त्यात केन हे सनईच्या जातीचं वाद्य, ढोल, झांजा आणि म्हशीच्या शिंगाचा ठोका. छोट्या वृंदात तंतुवाद्यं आणि बासरी. दान न्गुयेत ही चंद्रासारख्या गोल तबकडीची दोन तारांची वीणा, दान न्यी हे दोन तारांचं गजाचं वाद्य, शिवाय दान ती बा आणि दान ताम ही आणखी दोन तंतुवाद्यं. सोबत छोटा ढोल, तीन छोट्या घंटांची चौकट आणि जुनी नाणी जडवलेली लाकडी चिपळी. नाण्यांच्या त्या किणकिणाटावर अख्खा वृंद लयीत राहतो.

सर्वांत मोठा प्रसंग नाम जाओ इथल्या आकाशपूजेचा. ही वेदी १८०६ साली बांधायला घेतली आणि पुढच्याच वर्षी तिथे पहिली पूजा झाली. पूजेच्या प्रत्येक टप्प्याला ठरलेली रचना असे आणि चौसष्ट नर्तक आठ ओळींत नाचत. विधी बदलला की पदांच्या नावातला शेवटचा शब्दही बदले. आकाशपूजेच्या पदांत तो कार्यसिद्धीचा, धरती-धान्याच्या पूजेत सुबत्तेचा, तर वाढदिवसाच्या समारंभात दीर्घायुष्याचा. नाट्यगृहात तुओंग हे शास्त्रीय संगीतनाट्य चालायचं. दाओ तान (१८४५–१९०७) या मोठ्या नाटककाराने सम्राट तू दुकच्या पदरी याच दरबारासाठी लेखन केलं.

हातातून हातात

ही विद्या चालत आली ती तालमीतून. नोंदपद्धती होती, पण तिच्यात सुरांचा सांगाडाच लिहिलेला असे. हो, सू, सांग, से, कोंग, ल्यू या स्वरनामांनी रचना लिहायची आणि शिष्याने ती आधी तोंडपाठ म्हणायची. बाकीचं सगळं गुरूच्या बोटांत. दान न्गुयेतचे पडदे उंच असतात. दोन पडद्यांच्या मधे तार खोल दाबली की सूर वर चढतो, ढील दिली की उतरतो. हा चढ-उतार किती आणि कुठे करायचा, कंप कुठल्या स्वराला द्यायचा आणि कुठल्याला अजिबात द्यायचा नाही, यावर रचनेचा भाव ठरतो. तोच सांगाडा एका भावात प्रसन्न वाटतो, दुसऱ्यात व्याकूळ. कागदावरून हे उचलता येत नाही. म्हणून गुरू-शिष्यांची साखळी तुटली की पोथी शाबूत असूनही संगीत मेलं असतं. या संस्थेवरचं प्रत्येक संकट म्हणजे नेमकी ही साखळी तुटण्याची भीती होती.

पडझड

पहिला तडाखा १८८५ चा. फ्रेंचांनी ह्वे जिंकलं, तरुण सम्राट हाम न्घी परागंदा झाला आणि दरबारातले कलावंत पांगले. न्गुयेन क्वांग दाइ हा वादक दक्षिणेत गेला आणि गावोगावच्या हौशी लोकांना शिकवू लागला. मेकाँगच्या खोऱ्यात फुललेल्या ‘दोन का ताइ तू’ या घरगुती मैफिलीच्या लोकसंगीताचा तो एक आद्य गुरू मानला जातो. त्याच संगीतातून पुढे काइ लुओंग हा लोकप्रिय नाट्यप्रकार निघाला. ह्वेमध्येही ‘का ह्वे’ ही गायकी राजघराण्याच्या दिवाणखान्यांतून शहरात आणि नदीवरच्या नावांत पोहोचली. दरबाराचं दान असं लोकांच्या ओटीत पडलं.

राजवाड्यात मात्र उतरती कळा होती. आकाशपूजा दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा होऊ लागली, पाश्चात्त्य बँड आला, पथक आटत गेलं. या काळातलं एक काम फार मोलाचं ठरलं. जुन्या ह्वेच्या अभ्यासकांच्या फ्रेंच पत्रिकेत १९१९ साली होआंग येन यांनी इथल्या संगीतावर सविस्तर लेख लिहून रचना नोंदवून ठेवल्या.

३० ऑगस्ट १९४५ रोजी शेवटचा सम्राट बाओ दाइने सिंहासन सोडलं. १९४७ च्या लढाईत राजनगरीतल्या बहुतेक इमारती जळाल्या. १९६८ च्या तेत सणातल्या घनघोर लढाईत उरलंसुरलंही उद्ध्वस्त झालं. झ्वेत थी दुओंग कसंबसं बचावलं.

या अंधाऱ्या वर्षांत परंपरा तिघांनी तगवली. पहिली, बाओ दाइची आई तू कुंग. राजसत्ता गेल्यावरही तिने दरबारी पथकाला आपला आधार दिला. दुसरे ह्वेच्या आसपासच्या खेड्यांतले लोक. दरबारातून बाहेर पडलेले वादक तिथल्या मंदिरांत, पितृपूजेला, अंत्ययात्रेला वाजवत राहिले. राजाच्या पूर्वजांसाठी रचलेले सूर शेतकऱ्याच्या पूर्वजांसाठी वाजले, आणि त्या बिदागीवर कलावंतांच्या घरची चूल पेटली. तिसरी, शाळा. १९६२ साली झ्वेत थी दुओंगमध्येच संगीत विद्यालय सुरू झालं आणि जुन्या वादकांपुढे नवी मुलं बसली.

पुनरुभारणी

१९७५ साली युद्ध संपल्यावर पहिली काही वर्षं दरबारी कला म्हणजे सरंजामशाहीचा अवशेष, असा सूर होता. तो बदलायला वेळ लागला. त्रान वान खे यांनी पॅरिसमध्ये बसून आयुष्यभर व्हिएतनामी संगीताचा अभ्यास केला आणि या परंपरेची बाजू जगापुढे मांडली. १९८२ साली ह्वेच्या वास्तूंच्या जतनासाठी केंद्र स्थापन झालं. १९९३ मध्ये त्या वास्तू जागतिक वारसा ठरल्या. पुढच्या वर्षी तज्ज्ञांच्या बैठकीत प्रश्न निघाला की भिंती वाचवल्या, पण त्यांच्यात घुमणाऱ्या संगीताचं काय? जपानी संगीतशास्त्रज्ञांनी त्यात मनापासून रस घेतला. १९९६ पासून जपानच्या मदतीने ह्वेत न्या न्याकचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. बाओ दाइच्या काळात दरबारात वाजवलेले लू हिउ थी आणि केन ते तंतुवाद्यं सगळ्यांत मुरलेले त्रान किक अशा ज्येष्ठांकडून तरुण पिढी शिकली.

नोव्हेंबर २००३ मध्ये युनेस्कोने न्या न्याकला मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशातली श्रेष्ठ कृती म्हणून घोषित केलं. हा मान मिळालेली व्हिएतनामची ही पहिलीच परंपरा. त्याच यादीत आपलं वेदपठणही होतं. दोन्हींचं बळ मुखोद्गत शिक्षणात आहे. त्यानंतर २००५ ते २००८ या काळात जपानच्या निधीतून जतनाचा प्रकल्प झाला. ज्येष्ठांचं वादन ध्वनिमुद्रित झालं आणि नव्या वादकांचं प्रशिक्षण झालं. झ्वेत थी दुओंगची डागडुजी होऊन ते पुन्हा रंगमंच झालं, आणि ह्वेच्या महोत्सवात नाम जाओची पूजाही पुन्हा पाहायला मिळाली.

पुढची दिशा

आज संस्थेला प्रेक्षक आहेत, पगार आहेत, मान आहे. अडचण वेगळी आहे. पर्यटकांच्या कार्यक्रमात दीर्घ रचना आखडत्या घ्याव्या लागतात आणि विधीचं संगीत विधीपासून सुटून मंचावर येतं. प्रयोगाला लागतं तेवढंच शिकायचं असं ठरलं, तर पन्नास वर्षांत बाकीचं आपोआप विसरलं जाईल. म्हणून संपूर्ण रचना वाजवण्याची संधी, पूजास्थानांत प्रत्यक्ष वादन आणि कार्यक्रमाच्या हिशेबाबाहेरची लांब तालीम यांवर संस्थेने खर्च करायला हवा, असं मला मनापासून वाटतं. राजाश्रय, लोकाश्रय आणि आंतरराष्ट्रीय निधी असे तीन आधार या संस्थेने पाहिले. पहिला संपला, तिसरा मुदतीचाच होता. गुरूसमोर शिष्य बसत राहिला म्हणून ती उभी आहे. पुढेही तिचं यश तिकिटांच्या विक्रीवर मोजू नये. एखादी दीर्घ रचना पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत न बघता वाजवणारे किती तरुण तिने तयार केले, हाच तिचा ताळेबंद.